कोरड्या इंधनप्रणालीचे पूर्वभरण : प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या अनुषंगाने

प्रस्तावना :
वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी फियाट ११०० ही मोटार पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने घरोघरी परिचित झाली. मुंबईच्या टॅक्सीसेवेतून ती ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. तथापि अनेक कुटुंबांनी व हौशी संग्राहकांनी ती जतन केली आहे. अशी मोटार महिनोन्‌महिने उभी राहिली की सुरू होण्यास नकार देते. टाकीत पेट्रोल असते, बॅटरी सुस्थितीत असते, प्लगला ठिणगी मिळते. तरीही इंजिन सुरू होत नाही. या अडचणीचे कारण व तिच्या निवारणाची सुरक्षित रीत विशद करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रणाली कोरडी का पडते?
पद्मिनीची टाकी मागील बाजूस, तर इंजिन पुढे असते. इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा पडद्याचा यांत्रिक पंप पेट्रोल ओढून घेतो आणि कार्बोरेटरमधील फ्लोटच्या कप्प्यात पोहोचवितो. हा कप्पा बाहेरील हवेस खुला असल्याने त्यातील पेट्रोल काही आठवड्यांत उडून जाते. पंपाच्या झडपा जीर्ण असल्यास नळीतील पेट्रोलही हळूहळू टाकीकडे परतते व त्याची जागा हवा घेते.

अडथळ्याचे स्वरूप :
येथे खरा अडथळा पेट्रोलच्या अभावाचा नसून हवेच्या अस्तित्वाचा आहे. पंप पेट्रोल ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. वस्तुतः तो केवळ दाब कमी करतो आणि टाकीतील पेट्रोलला वातावरणाचा दाब पुढे ढकलतो. द्रव जवळजवळ असंपीड्य असल्याने पडद्याच्या प्रत्येक हालचालीचे रूपांतर प्रवाहात होते. हवा मात्र दबते व प्रसरण पावते. त्यामुळे पडद्याची बरीचशी हालचाल वाया जाते. शिवाय कोरड्या झडपा घट्ट बसत नाहीत. विहिरीवरील पंपाने हवा धरली असता शेतकरी मोटार चालवीत न बसता आधी पंपात पाणी भरतो. तत्त्व तेच आहे. यासच यंत्रविद्येत प्रायमिंग, अर्थात पूर्वभरण, असे म्हणतात.

एक साधे गणित पाहू. नळीचा आतील व्यास ६ मिलिमीटर व लांबी ३ मीटर मानल्यास तिचे आकारमान सुमारे ८५ मिलिलिटर होते. पंपाच्या प्रत्येक ठोक्यास अर्धा मिलिलिटर हवा बाहेर पडते असे गृहीत धरल्यास नळी भरण्यास १७० ठोके लागतील. स्टार्टरने इंजिन मिनिटास १५० फेरे घेते असे मानू. कॅमशाफ्टची गती त्याच्या निम्मी असल्याने पंपास मिनिटाला ७५ ठोके मिळतात. म्हणजेच केवळ नळी भरण्यासाठी सव्वादोन मिनिटांहून अधिक काळ स्टार्टर चालवावा लागेल. तो मात्र एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक चालविणे इष्ट नसते. बॅटरी उतरणे व स्टार्टर तापणे, हा या हट्टाचा स्वाभाविक परिणाम होय.

पूर्वभरणाची रीत :
१) प्रथम पेट्रोलची स्थिती पाहावी. जुन्या पेट्रोलमध्ये चिकट साका तयार होतो. भारताने २०२५ मध्ये २० टक्के इथेनॉल मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले आहे. इथेनॉल आर्द्रता शोषून घेते, तसेच जुन्या पद्धतीच्या रबरी नळ्या व पडदा यांस ते मानवत नाही. शंका वाटल्यास पेट्रोल बदलावे व तडकलेल्या नळ्या काढून टाकाव्यात. टाकी ते पंप या भागातील बारीकशा चिरेतून पेट्रोल गळताना दिसत नाही. परंतु हवा आत शिरते.

२) इंजिन ऑइलची पातळी तपासताना त्यास पेट्रोलचा वास येतो का, हे पाहावे. पंपाचा पडदा फाटल्यास पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. अशा वेळी पंप व ऑइल बदलल्याखेरीज पुढे जाऊ नये.

३) पंपास हाताने चालविण्याची दांडी असल्यास बॅटरीची ऋण तार काढून ती वापरावी. दांडी सैल लागत असल्यास कॅमने पडदा आधीच दाबून धरलेला असतो. इंजिन हाताने एक फेरा फिरविल्यास तिला जोर येतो.

४) दांडी नसल्यास कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडवून पिचकारीने ४०-५० मिलिलिटर ताजे पेट्रोल हळुवारपणे आत सोडावे. कप्पा रिकामा असल्याने फ्लोट खाली व सुईची झडप उघडी असते. त्यानंतर नळी घट्ट बसवून, सांडलेले पेट्रोल पुसून, वाफ विरल्यावरच बॅटरी जोडावी.

एवढ्या पेट्रोलवर इंजिन एक-दोन मिनिटे चालू शकते. मिनिटास ८०० फेरे धरल्यास पंपास ४०० ठोके मिळतात, म्हणजे स्टार्टरच्या पाचपटीहून अधिक. उर्वरित हवा इंजिन स्वतःच बाहेर काढते.

दोन घातक प्रघात :
कार्बोरेटरच्या तोंडात उघडे पेट्रोल ओतून स्टार्टर मारण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आढळतो. इंजिनाने उलटा भडका मारल्यास बॉनेटखाली आग लागते. दुसरा प्रघात नळी तोंडाने ओढण्याचा. पेट्रोलचे थोडे थेंब जरी फुप्फुसात गेले तरी जीवघेणा दाह उद्भवू शकतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते. म्हणून हे काम बंद गॅरेजमध्ये न करता उघड्यावर, अग्निशामक जवळ ठेवूनच करावे.

समारोप :
पंप हे द्रव वाहून नेण्याचे साधन आहे. हवा उपसण्याचे काम त्यावर लादल्यास ते अपुरे पडते. यास्तव यंत्रावर बळजबरी न करता त्यास प्रथम द्रव पुरविणे, हेच पूर्वभरणाचे मर्म होय. टॅक्सीचालक व जुने मेकॅनिक यांच्या हाती असलेले हे ज्ञान पद्मिनीबरोबरच रस्त्यावरून ओसरत आहे. त्यामागील कारणमीमांसा नोंदविली गेली तरच जतन केलेली मोटार ही केवळ शोभेची वस्तू न राहता चालते यंत्र राहील.