आरोप ग्राफिक्स कार्डावर, दोष प्रोसेसरचा

महागडा, जेमतेम वर्षभर वापरलेला डेस्कटॉप. गेम सुरू करावा तर तो मध्येच बंद पडतो आणि संदेश येतो : व्हिडिओ मेमरी अपुरी आहे. २०२४ च्या सुरुवातीला या संदेशावर विश्वास ठेवून लोकांनी ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्याने टाकली, काहींनी ग्राफिक्स कार्डालाच दोष दिला. मेमरी तर भरपूर शिल्लक होती. बिघाड निघाला इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांमध्ये.

गेम सुरू होताना दाबून साठवलेली माहिती उलगडावी लागते. हे काम प्रोसेसरचे, आणि त्यात एक बिट चुकला तरी पुढचे सगळे कोसळते. गेमला फक्त काम फसल्याचे कळते. तो भलतेच कारण सांगून मोकळा होतो.

प्रोसेसर आपल्याला किती व्होल्टेज हवे हे मदरबोर्डाकडे सतत मागत असतो. या चिपा गरजेपेक्षा जास्त मागत होत्या, कधीकधी तर हलके काम चालू असतानाही. जादा व्होल्टेज आणि उष्णता यांमुळे घड्याळाचे ठोके गाभ्यापर्यंत पोचवणारे सर्किट अकाली झिजले. मग पूर्वी पुरणारे व्होल्टेज पुरेना आणि चुका होऊ लागल्या. म्हणूनच पहिले काही महिने सारे सुरळीत चालले.

असा बिघाड आला की आपल्याकडे दुरुस्तीची सुरुवात ‘फॉरमॅट मारून बघू’ इथूनच होते. मला हे पटत नाही. आधी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडावा. तिथली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) बदलायला धावू नये. यंत्र रीतसर बंद झाले नाही, एवढाच तिचा अर्थ. हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या ‘व्हीया-लॉगर’च्या नोंदी दिसल्या तर मात्र संशय हार्डवेअरवर घ्यावा. रॅमचा वाढीव वेग देणारे एक्सएमपी बंद करावे, रात्रभर मेमटेस्ट चालवावा, दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. एका वेळी एकच बदल. नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

दोष प्रोसेसरचाच निघाला, तर उपाय वेगळा. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून बायोसमार्फत मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झिजलेली चिप त्या दुरुस्तीने बरी होत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते. मात्र बदली चिप बसवण्याआधी बायोस अद्ययावत करून घ्यावे, नाहीतर तीही त्याच वाटेने जायची.