डोळ्याच्या खोलीत कंबरेची चौकशी

जुलै महिना आहे आणि पुण्यात डोळ्यांची साथ आहे. एका धर्मादाय नेत्र रुग्णालयाच्या तळमजल्यावर लाल डोळ्यांची रांग जिन्यापर्यंत गेली आहे. बहुतेकांच्या पापण्या चिकटलेल्या, हातात रुमाल. दारातल्या टेबलाशी बसलेली सिस्टर प्रत्येकाला तेच दोन प्रश्न विचारते आहे : "चिपडं येतात का? उजेड सहन होतो का?" ज्याला चिपडं नाहीत पण उजेड सोसवत नाही, त्याच्या केसपेपरवर ती लाल पेनाने खूण करते आणि त्याला रांगेतून काढून आतल्या खोलीकडे पाठवते.

आतल्या खोलीत युव्हिआयटिसचे रुग्ण तपासले जातात. युव्हिआ म्हणजे डोळ्याच्या आतला, रक्तवाहिन्यांनी भरलेला थर. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा हा त्याचाच पुढचा भाग, आणि मागे तो दृष्टिपटलाखाली पसरलेला असतो. या थराला सूज येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा मूळ आजार सांध्यांचा असतो. त्यासाठीच मी या खोलीत रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरबाईंची परवानगी घेऊन त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसले आहे.

लाल खुणेचा पहिला केसपेपर चाकणच्या एका टेम्पोचालकाचा. तिशीच्या आतला गडी, डोळ्यांवर काळा गॉगल, उजवा हात उजव्या डोळ्यावर. "साथीचेच डोळे आलेत मॅडम. मेडिकलमधनं थेंब आणले, चार दिवस घातले. पण ठणका वाढलाच." डॉक्टरबाई त्याला गॉगल काढायला सांगतात. लाली पापणीच्या बाजूला कमी आणि बुबुळाच्या कडेला गोल, गडद. बाहुली बारीक झालेली. लाल डोळा हाताने झाकायला लावून त्या चांगल्या डोळ्यावर बॅटरी मारतात, तर तो झाकलेल्या डोळ्यानेच कळवळतो. एका डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या एकदम आकसतात. आत सुजलेला पडदा त्या आकसण्यानेच दुखतो. साध्या साथीच्या डोळ्यात असं सहसा होत नाही.

खोलीतले दिवे बंद होतात. तो स्लिट लॅम्पवर हनुवटी टेकवतो. गुलस्ट्रँड या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९११ साली जगापुढे आणलेली उजेडाची ही फट आजही या तपासणीचा कणा आहे. शिकाऊ डॉक्टरांसाठी लावलेल्या दुसऱ्या नळीतून मला पाहायला मिळतं. बुबुळ आणि पडदा यांच्यामधली पोकळी एरवी काळीभोर, स्वच्छ दिसायला हवी. इथे उजेडाच्या तिरप्या पट्ट्यात पांढरे ठिपके तरंगताहेत, वर जाताहेत, खाली येताहेत. बंद माजघरातल्या कवडशात धूळ तरंगावी तसे. त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आहेत, नको त्या जागी आलेल्या. डॉक्टरबाई उजेडाचा झोत एक मिलिमीटर लांब आणि एक मिलिमीटर रुंद करून त्यातल्या पेशी मोजतात आणि शिकाऊ मुलीला लिहायला सांगतात : "सेल्स थ्री प्लस." २६ ते ५० पेशी दिसल्या की थ्री प्लस. ही मोजणी २००५ पासून जगभर एकाच पद्धतीने होते, त्यामुळे पुढच्या भेटीत दुसऱ्या कोणी तपासलं तरी सूज उतरली की चढली ते कळतं.

बाहुली मोठी करणारे थेंब घातले जातात. वीस मिनिटांनी बाहुली उघडते, पण गोल नाही. खालच्या बाजूला पडदा मागच्या भिंगाला चिकटलेला आहे, तिथे ती अडली आहे. पुन्हा थेंब. आणखी थोडी सुटते. "चार दिवस लवकर आला असतास तर चिकटलाच नसता," डॉक्टरबाई म्हणतात. स्वरात राग नाही, घाई आहे. पडदा सगळीकडून चिकटला तर आतलं पाणी पुढे यायची वाट बंद होते, दाब वाढतो, काचबिंदू होतो.

औषध सांगायला त्या पाच मिनिटं घेतात. बाहेर एवढी रांग असताना. प्रेडनिसोलोन अॅसिटेटचे थेंब, जागेपणी दर तासाला. बाटली प्रत्येक वेळी हलवायची, कारण औषध तळाशी बसतं आणि न हलवता घातलं तर डोळ्यात नुसतं पाणी पडतं. दुसऱ्या बाटलीतला होमॅट्रोपिन पडदा सैल ठेवतो, ठणका कमी करतो. दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. "चार-पाच दिवसांत बरं वाटेल. तेव्हा बंद करायचं नाही. मी कमी करत नेईन, दीड महिना लागेल. आणि डोळा धूसर आहे तोवर गाडी चालवायची नाही." तो मान खाली घालतो. टेम्पोचा हप्ता आहे. डॉक्टरबाई मालकासाठी चिठ्ठी लिहून देतात.

मग त्या पेन खाली ठेवून विचारतात, "सकाळी उठल्यावर कंबर किती वेळ आखडलेली असते?"

तो चमकतो. डोळे तपासायला आलेल्या माणसाला हे कोण विचारतं? पण उत्तर तयार आहे. तास-दीड तास. दोन-तीन वर्षं झाली. पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग येते, उठून घरात फेऱ्या मारल्या की बरं वाटतं, पडून राहिलं की वाढतं. सगळे म्हणाले, दिवसभर स्टिअरिंगवर बसतोस म्हणून. मी शिकाऊ डॉक्टर मुलीकडे बघते. ती आधीच दुसरा कागद काढून संधिवाततज्ज्ञांच्या नावे लिहू लागली आहे. विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी कंबरदुखी, तीही ऐन तारुण्यात, म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसची, हळूहळू मणका ताठ करणाऱ्या संधिवाताची शंका. या आजारात चारांतल्या एकाला तरी कधी ना कधी असा डोळा होतो. दोन्हींमागे बऱ्याचदा एचएलए-बी२७ नावाची एकच आनुवंशिक खूण सापडते. हा संबंध १९७३ साली पुढे आला. डब्लिनमध्ये झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात, अचानक असा डोळा होऊन आलेल्या आणि कारण न सापडलेल्या रुग्णांची नीट तपासणी केली, तर सुमारे ४० टक्के लोकांना मणक्यांच्या संधिवाताच्या गटातला आजार निघाला. तोवर तो कुणी ओळखलाच नव्हता. या माणसाचा मणका अजून ताठ झालेला नाही. आज डोळा लाल झाला म्हणून त्याच्या कंबरेची गोष्ट कुणीतरी पूर्ण ऐकून घेतली आहे.

ती ऐकली गेली नाही तर काय होतं, तेही याच खोलीत दिसतं. पुढचे रुग्ण निवृत्त शिक्षक आहेत. पाठीला बाक, मान वळत नाही. त्यांची हनुवटी स्लिट लॅम्पच्या टेकूवर पोचत नाही. डॉक्टरबाई खुर्ची बाजूला करतात, सर उभे राहून कमरेतून पुढे वाकतात, वॉर्डातले मामा मागून त्यांच्या डोक्याला आधार देतात. मान मागे जात नसल्याने घरीही थेंब पलंगावर आडवं पडूनच घालावे लागतात. पूर्वी त्यांचा डोळा वर्षातून तीन-चारदा लाल व्हायचा, कधी उजवा, कधी डावा. संधिवाताच्या डॉक्टरांनी अॅडॅलिम्युमॅबची इंजेक्शनं सुरू केल्यापासून डोळा शांत आहे. सूज पेटवणाऱ्या टीएनएफ या रेणूला हे औषध अडवतं. त्याच कामासाठी दिलं जाणारं इटॅनरसेप्ट सांध्यांना उपयोगी पडतं, पण डोळ्याचे झटके तितकेसे रोखत नाही. औषध निवडताना डोळ्याचे आणि सांध्याचे डॉक्टर एकमेकांशी बोलले पाहिजेत, ते एवढ्यासाठी.

एक आजी येतात, पंधरा वर्षांचा आमवात. रात्री डोळा इतका ठणकतो की कपाळ आणि जबडा धरून बसावं लागतं. डॉक्टरबाई त्यांना आधी खिडकीशी नेतात. दिवसाच्या उजेडात लालीतली निळसर झाक दिसते, ती दिव्याखाली हरवते. फेनिलेफ्रिनचा थेंब घालून वाट पाहतात. वरवरच्या रक्तवाहिन्या असत्या तर पांढुरक्या पडल्या असत्या. या खोल आहेत, तशाच राहतात. डोळ्याचं पांढरं कवचच सुजलं आहे, स्क्लेरायटिस. नुसत्या थेंबांनी हे भागायचं नाही. आमवाताच्या गोळ्या चार महिन्यांपासून बंद आहेत, असं नातू सांगतो. डॉक्टरबाई तिथूनच संधिवाततज्ज्ञांना फोन लावतात. नातवाला थेंब घालायला शिकवलं जातं, कारण आजींच्या वाकड्या बोटांत बाटली दाबण्याइतकं बळ उरलेलं नाही.

दुपारी फलटणकडची सात वर्षांची मुलगी आईबरोबर आत येते. तिच्या डोळ्यांत लाली नाही, पाणी नाही, ठणका नाही. ती मला दारावरची पाटी वाचून दाखवते. तिसऱ्या वर्षी गुडघा सुजला तेव्हा बालसंधिवाताचं निदान झालं. रक्तात एएनए नावाची प्रतिपिंडं सापडली, म्हणजे एएनए पॉझिटिव्ह. थोडेच सांधे सुजलेल्या, एएनए पॉझिटिव्ह लहान मुलींमध्ये डोळा आतून गुपचूप सुजू शकतो, आणि मूल तक्रार करत नाही. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिचा प्रश्न होता : दुखत नाही, दिसतंय, मग एसटीचे एवढे पैसे घालून यायचं कशाला?

मुलगी स्टुलावर गुडघे टेकून उभी राहते, आई मागून डोकं धरते. दिवे बंद. उजेडाच्या पट्ट्यात पुन्हा तेच ठिपके, दोन्ही डोळ्यांत. "टू प्लस," डॉक्टरबाई हळू म्हणतात. मला धक्का बसतो. इतक्या स्वच्छ, हसऱ्या डोळ्यांच्या आत हे चाललं आहे, आणि या यंत्राशिवाय ते कुणालाही, तिच्या आईलाही दिसणार नाही. असंच वर्षभर राहिलं तर बुबुळावर कॅल्शियमचा पट्टा चढतो, मोतीबिंदू होतो, दाब वाढतो. मूल धडपडायला लागलं की घरात कळतं, तोवर गेलेली नजर पूर्ण परत येत नाही.

"मेथोट्रेक्सेट चुकतंय का?"

"नाही मॅडम. शनिवारीच देतो, आठवड्यातनं एकदाच. रविवारी मळमळलं तरी शाळा नसती. सोमवारी फॉलिक अॅसिड." आई पिशवीतून वही काढते. प्रत्येक शनिवारी खूण केलेली आहे.

म्हणजे सूज आवरायला दिलेलं हे औषध चुकलेलं नाही, ते पुरत नाही. स्टेरॉइडचे थेंब वाढवून सूज उतरेल, पण रोज दोन-तीनांहून जास्त थेंब महिनोन्‌महिने लागत राहिले तर तेच थेंब मोतीबिंदू आणतात. पुढची पायरी अॅडॅलिम्युमॅब. मेथोट्रेक्सेट चालू असूनही डोळा न आवरलेल्या अशाच मुलांवर ब्रिटनमध्ये चाचणी झाली, २०१७ साली ती प्रसिद्ध झाली. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. २०१४ च्या अखेरीपासून हे औषध भारतीय कंपनीही बनवते, त्यामुळे पूर्वीपेक्षा ते आवाक्यात आलं आहे, तरी शेतमजूर घराला मदतीशिवाय झेपणारं नाही. समाजसेवा विभागाच्या ताईंना बोलावलं जातं.

आधी क्षयाची तपासणी. हे इंजेक्शन शरीरात दबून बसलेला क्षय जागा करू शकतं, आणि आपल्या भागात ती शक्यता गृहीत धरावीच लागते. छातीचा एक्स-रे, रक्त, हातावर मंटूची सुई. सुईची जागा दोन-तीन दिवसांनी मोजावी लागते. ती फलटणलाच कुठे मोजून घ्यायची, ते डॉक्टरबाई कागदावर लिहून देतात, म्हणजे पुन्हा पुण्याला खेप नको.

"सुई कायमची का?" आई विचारते.

"दोन वर्षं डोळा पूर्ण शांत राहिला की कमी करायचा विचार करू. कमी केल्यावरही तपासायला यायचं. सांधा बरा दिसला तरी यायचं."

बाहेरच्या बाकावर दुसरी एक बाई बसली आहे. तिच्या मांडीवरच्या चार वर्षांच्या मुलाचा एक गुडघा सुजलेला आहे. त्याचे डोळे चांगले दिसतात, तर पावसात थांबायचं की घरी जायचं, हे तिला कळत नाही. फलटणची आई तिच्या शेजारी बसते, वही उघडते आणि सांगते, "थांबा ताई. डोळ्यात डोकावून बघितल्याबिगर कळत नाही. माझ्या पोरीला आजपण काही दुखत नव्हतं."