चाकोरी रुंदावताना

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने मंचर गाठले, की अवसरी खुर्द जवळच. कांदा, बटाटा, ऊस आणि बैलगाड्यांच्या शर्यतींचे वेड, एवढाच या मुलखाचा परिचय आमच्या पिढीला होता. २००९ साली इथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले आणि गावात खोल्या करून राहणाऱ्या मुलांची भर पडली. माझा भाचा त्यांतलाच एक. गेल्या दिवाळीत घरी आला, चकल्यांचा डबा निम्मा केला आणि म्हणाला, "मामा, अडीच हजार रुपये हवेत. गाडीची पुढची चाके बाहेर घ्यायची आहेत."

मराठीच्या मास्तराकडून मोटारीसाठी पैसे हवे असतील, तर निदान ती मोटार समजावून सांगावी! म्हणून सुटी संपताच मी शेतातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसलो.

मोटार कसली, लोखंडी नळ्यांचा पिंजराच! बसायला एक माणूस, मागे लहानसे इंजिन. दारे नाहीत, काचा नाहीत. मुले तिला ‘एटीव्ही’ म्हणतात, म्हणजे कसल्याही भुईवर चालणारी गाडी. विद्यार्थ्यांनी अशा गाड्या स्वतः बांधून पळवायच्या, ही ‘बाहा’ स्पर्धा अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात १९७६ साली सुरू झाली. नाव आले मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी शर्यतींवरून. भारतात ती २००७ साली इंदूरजवळ पीथमपूरला प्रथम भरली. तिच्यातली मोठी दौड चार तासांची असते. आमच्या मंडळींची गाडी मात्र बांधाशी वळतानाच एका अंगाची दोन्ही चाके उचलत होती. चालवायला वजनाने हलकी म्हणून एक मुलगी निवडलेली. तिच्या आईने एकदा तो प्रकार पाहिला आणि बजावले, "आधी गाडी जमिनीवर राहू द्या, मग माझी मुलगी बसेल." मला ही अट फार रास्त वाटली.

पसरट बुडाचे पातेले सहसा कलंडत नाही, उभट लोटा कलंडतो. सगळे गणित यातच आले. पण पैसा कमी. मागची चाके बाहेर घ्यायची तर इंजिनाकडून चाकांकडे जाणारे दांडे बदलावे लागतात आणि ते महाग. पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर नाही, म्हणून तिथेच हात घालायचा.

सर्वांत स्वस्त युक्ती म्हणजे चाक आणि हब यांच्या मध्ये जाड चकती घालणे. अर्ध्या दिवसाचे काम! भाच्याने ती नाकारली, आणि तिथे मला त्याचा अभिमान वाटला. चकतीने चाक वळण्याच्या आसापासून दूर जाते. मग एका चाकाखाली धोंडा आला, की स्टिअरिंगचा हिसका थेट मनगटाला बसतो. शिवाय बेअरिंगवरचा ताण वाढतो, तो वेगळाच.

दुसरा मार्ग चाक धरणारे त्रिकोणी दांडे, म्हणजे ए-आर्म, लांब करण्याचा. जुन्या दांड्यात मधोमध तुकडा जोडणे म्हणजे नेमक्या ताणाच्या जागी सांधा ठेवणे. म्हणून नळ्या नव्या घेतल्या; टोकांचे बुश आणि सांधे जुनेच. डावे-उजवे दांडे अगदी सारखे व्हावेत म्हणून जाड पत्र्यावर खुंट्यांचा साचा केला. दांडा ३६ सेंटीमीटरचा होता, तो ४१ चा झाला. स्टिअरिंगचे टाय रॉडही त्याच मापाने लांबवले. नाहीतर खड्ड्यात चाक वरखाली होताना आपोआप वळते.

आता गंमत पाहा. दांडा लांबला, शॉकअप मात्र आतल्या टोकापासून २४ सेंटीमीटरवर तसाच राहिला, तर चाकाशी स्प्रिंगचा जोर जवळजवळ पावपट घटतो. कारण तरफेचा हिशेब वर्गाने चालतो. नवी स्प्रिंग परवडणारी नव्हती. मुलांनी शॉकअपची खालची पकड सव्वातीन सेंटीमीटर बाहेर सरकवली आणि जोर पूर्वीइतका झाला. पकडीसाठी लोखंडाची एक पट्टी लागली.

एवढे करून किती मिळाले? गाडीचे वजन पुढे ४० टक्के, मागे ६०. त्यामुळे पुढे प्रत्येक बाजूला पाच सेंटीमीटर वाढले, तरी भारमध्यापाशी दोनच हाती लागतात. मुले हिरमुसली. शेडचे मालक आप्पा दारात बसून ऐकत होते. उसाच्या गाड्या भरण्यात त्यांचा जन्म गेलेला. ते म्हणाले, "पोरांनो, वझं खाली घ्या की!"

भाच्याने लगेच कागद ओढला. चालवणारीचे वजन साऱ्या भाराच्या चौथ्या हिश्शाइतके. तिची बैठक सहा सेंटीमीटर खाली घेतली, तर भारमध्य दीड सेंटीमीटर उतरतो. कलंडण्याच्या हिशेबात हा फायदा रुंदीच्या फायद्याइतकाच, आणि खर्च चार बोल्टांचा! दोन्ही करायचे ठरले. कागदावरून खात्री होईना, म्हणून गाडीत वाळूची पोती बांधून एक बाजू जॅकने उचलत नेली. पूर्वीच्या कोनाला वरची चाके आता भुई सोडत नव्हती. मुलीची आई तेव्हा समोर उभी होती. तिने आणखी दोनदा उचलून दाखवायला लावले.

मग गाडी नांगरटीत सोडली. चाकोरी हा शब्द मी वर्गात नेहमी ‘रुळलेली वाट’ या अर्थाने शिकवतो. इथे मूळ चाकोरी मातीत उमटली होती, आणि एकीऐवजी दोन: पुढच्या चाकांची बाहेर, मागच्यांची आत. बांधाशी वळण घेताना चारही रेघा अखंड होत्या. आप्पांनी त्या शेवटपर्यंत न्याहाळल्या.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "आता एवढं रान कुळवून कोण देणार?"