खोऱ्यातला यात्रांचा हंगाम

कुकडी, मीना, घोड आणि भीमा या नद्या सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेला उतरतात आणि जुन्नर, आंबेगाव, खेड हे पुणे जिल्ह्याचे तीन तालुके ओलांडत पुढे जातात. त्यांच्या खोऱ्यांना कुकडनेर, मिन्नेर, घोडनेर, भीमनेर अशी जुनी नावे आहेत. गुढीपाडवा झाला की या खोऱ्यांतल्या गावांत ग्रामदैवतांच्या यात्रा सुरू होतात आणि वैशाखी पौर्णिमेपर्यंत चालू राहतात. कुठे भैरवनाथ, कुठे मारुती, कुठे मुक्ताई, कुठे खंडोबा. दैवत निराळे असले तरी यात्रेची रीत बरीचशी एकच असते.

हा काळ शेतीने ठरवून दिलेला आहे. शाळू, हरभरा, गहू यांची काढणी होळीपर्यंत उरकते आणि रोहिणी-मृगाच्या आधी जमिनीला फारसे काम नसते. धान्य घरात आलेले असते, बैल मोकळे असतात, रात्री कोरड्या असतात आणि उघड्यावर झोपता येते. आता कुकडी प्रकल्पाची पाच धरणे झाली, कालवे आले, उन्हाळी कांदा आणि टोमॅटो आले. चैत्रातही शेतात माणूस लागतो. तरीही कोणत्याही गावाने यात्रा पावसाळ्यापलीकडे ढकललेली नाही.

यात्रेची तिथी गावाची स्वतःची असते. चैत्र पौर्णिमेला मारुतीच्या गावांची यात्रा, चैत्र वद्य अष्टमीला भैरवनाथाच्या अनेक गावांची, पुढे अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे आणखी काही गावांची. शेजारच्या दोन गावांच्या तिथ्या बहुधा वेगळ्या असतात आणि सगळी व्यवस्था त्यावरच उभी आहे. आज एका गावात पाहुणा असलेला माणूस चार दिवसांनी आपल्या गावात यजमान होतो. रेवडी-गोडीशेवेची दुकाने, पाळणेवाले, पैलवान, वाजंत्री, तमाशाचे फड आणि शर्यतीचे बैल एका गावाहून दुसऱ्या गावाला जात राहतात. सगळ्या गावांनी एकच दिवस धरला असता तर एकाही गावाची यात्रा नीट भरली नसती.

कामाला सुरुवात देवळातल्या बैठकीने होते. पाडव्याच्या सुमारास, कुठे त्याआधीही, गावकी जमते. गेल्या वर्षीचा हिशेब वाचला जातो, यात्रा कमिटी नेमली जाते आणि दर उंबऱ्यामागे वर्गणी ठरते. वर्गणी गोळा करणे हे चिकाटीचे काम आहे. वहीत घराण्यांची नावे वाड्या-वस्त्यांप्रमाणे लिहिलेली असतात आणि दोन-तीन जण संध्याकाळी दारोदार फिरतात. मुंबईकर आणि पुणेकर मंडळींची वही वेगळी असते. या तालुक्यांतली हजारो माणसे मुंबईत पोटापाण्याला आहेत. बाजारात माल वाहणारे आहेत, गिरण्यांतून निवृत्त झालेले आहेत, डबेवाले आहेत. मुंबईचे डबेवाले मुख्यतः मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतले, आणि दरवर्षी एप्रिलमध्ये ग्रामदैवतांच्या यात्रांसाठी ते सलग काही दिवस सुट्टी घेतात. त्या दिवसांत मुंबईतल्या कचेऱ्यांना डबा मिळत नाही, कारण डबा पोचवणारा गावच्या पालखीला खांदा देत असतो.

पैशाचा अंदाज आला की कमिटी तमाशा ठरवायला निघते. त्यासाठी पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावला जावे लागते. या गावाला तमाशापंढरी म्हणतात. हंगामात तिथे फडमालकांच्या राहुट्या लागतात, बाहेर फडाच्या नावाचा मोठा फलक असतो आणि आत सतरंजीवर गावोगावचे पंच बसलेले असतात. बोलणी थेट पैशावर येत नाहीत. आधी कलावंत किती, नाचणाऱ्या किती, सोंगाड्या कोण, वग कोणता, गाड्या किती, ही चौकशी होते. मग तिथी सांगितली जाते आणि भाव तिथीवर ठरतो. पौर्णिमा आणि अष्टमीला एकाच रात्री कितीतरी गावांना फड हवा असतो, त्यामुळे त्या रात्रीची सुपारी सर्वांत महाग जाते. मधल्या रिकाम्या तिथीला तोच फड बऱ्याच कमी पैशांत मिळतो. व्यवहार जुळला की विसार देऊन कागद होतो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. त्यांचे 2002 साली निधन झाले आणि राज्य शासनाचा तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो. 2020 साली पाडव्याच्याच दिवशी, 25 मार्चला, देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि ऐन सुपाऱ्यांच्या वेळी राहुट्या ओस पडल्या. पुढच्या वर्षीचा चैत्रही तसाच गेला. फडातल्या कलावंतांचे वर्षभराचे पोट या दोन महिन्यांवर असते, हे त्या वेळी सर्वांना दिसले.

यात्रेच्या आदल्या आठवड्यात गावाचे रूप पालटते. देवळाला रंग लागतो, शिखरापासून विजेच्या माळा सोडल्या जातात, पत्रिका छापून येते. पत्रिकेत पहाटेच्या अभिषेकापासून कुस्त्यांपर्यंतचा सगळा क्रम असतो आणि खाली कमिटीची नावे. त्या नावांत बाया क्वचित असतात. पण यात्रेचा निम्मा भार त्याच उचलतात. माहेरवाशिणी मुलाबाळांसह येतात, पाहुण्यांची मोजदाद नसते, जेवायला किती माणसे येतील हे कोणी सांगू शकत नाही. पहिल्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य. त्यासाठी पहाटेच परसात चूल मांडून डाळ शिजायला टाकतात, पुरण यंत्रातून काढतात, कटाची आमटी उकळते आणि दुपारपर्यंत तवा उतरत नाही. दुसऱ्या दिवशी तिखटाचे जेवण, म्हणजे मटण. माळकरी घरांत त्या दिवशी मासवडी होते. बेसनाच्या उकडीवर खोबरे, तीळ, लसणाचे सारण पसरून ती ओल्या फडक्याच्या साहाय्याने वळायची आणि वड्या पाडून झणझणीत रश्शाबरोबर वाढायची, हे या तालुक्यांचे खास जेवण. पत्रिकेवर या बायांची नावेही छापली गेली पाहिजेत.

धार्मिक विधी पहाटे सुरू होतात. गुरव देवाला स्नान घालतो, अभिषेक होतो, पोशाख चढतो. मांडव डहाळ्यांचा मान ठरलेल्या घराण्यांकडे असतो. ते झाडाच्या हिरव्या डहाळ्या वाजतगाजत देवळापुढे आणतात. दुपारी नैवेद्य, नवस फेडणाऱ्यांची दंडवते, शेरणी वाटप. संध्याकाळी हारतुरे निघतात आणि रात्री पालखीचा छबिना. सनई, हलगी, ढोल यांच्या मागे पालखी, पालखीपुढे काठ्या, आणि प्रत्येक दारासमोर थांबून ओवाळणी. गावप्रदक्षिणेला तीन-चार तास सहज लागतात. कोणत्या वेशीला कोणी खांदा द्यायचा, काठी कोणी धरायची, पहिला नारळ कोणाचा, हे सारे मान पिढ्यांपासून ठरलेले आहेत. आपला मान आपल्याकडे आला म्हणजे घराणे अजून गावाचे आहे. मुंबईत तीन पिढ्या काढलेली माणसेही म्हणूनच त्या एका खांद्यासाठी रजा टाकतात. कुकडीच्या काठीच, पण अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात असलेल्या निघोजला, रांजणखळग्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात, चैत्र वद्य अष्टमीला मळगंगेची यात्रा भरते. तिथे बारवेतून वर येणाऱ्या घागरीच्या दर्शनाला आसपासच्या तालुक्यांतून लोक लोटतात.

छबिना देवळात परतला की तमाशा उभा राहतो. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग, हा त्याचा क्रम. पूर्वी वग पहाटेपर्यंत चाले. आता ध्वनिक्षेपकावर रात्रीच्या वेळेचे बंधन आहे, आणि वग सर्वांत शेवटी येत असल्यामुळे वेळ अपुरा पडला की कात्री त्यालाच लागते. नाचगाणी उरतात, कथा जाते. तमाशातला सर्वांत कसदार भाग असा हातातून निसटतो आहे, याची खंत जुन्या जाणत्यांना आहे आणि ती खरी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे हजेरी होते. दिवसाउजेडी, थोडक्या साजशृंगारात कलावंत गाऊन देवाला आणि गावाला सलाम करतात.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांची पावले घाटाकडे वळतात. घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीची धाव. गावाबाहेरच्या चढाच्या जमिनीवर ती आखलेली असते. दगड-गोटे वेचून, माती दाबून, धूळ बसावी म्हणून पाणी मारून ती आधीच तयार केलेली असते. या भागातल्या शर्यतीत गाड्यावर माणूस नसतो. हलका लाकडी गाडा, त्याला चार बैल. गाड्याजवळचे दोन धुरेला, पुढचे दोन जुकाटाला. त्यांच्याही पुढे एक घोडी, तिच्यावर स्वार. खाली जुंपणीच्या जागी दहा-पंधरा माणसे बैलांना धरून असतात. खिलार बैल उभ्या उभ्या थरथरतो, मान झटकतो, माती उकरतो. घोडी निघाली की माणसे एकदम हात सोडतात. खुरांचा आवाज चढतो, मागे धुळीचा लोट उठतो, निवेदकाचे ‘भिर्रर्र’ लांबत जाते, आणि वरच्या निशाणापाशी घड्याळ थांबते. सारा खेळ साधारण बारा-तेरा सेकंदांचा. फरक सेकंदाच्या अंशाचा असतो, म्हणून घड्याळजीचा शब्द अंतिम मानला जातो आणि आता पुष्कळ घाटांवर सेन्सर लावतात.

या एका बारीमागे वर्षाची मेहनत असते. शर्यतीच्या बैलाला शेतीच्या कामाला सहसा लावत नाहीत. त्याची वैरण, खुराक, पोहणे, सराव हे घरातला एक माणूस रोज पाहतो. एका मालकाकडे चारही बैल एकाच चालीचे मिळणे अवघड, म्हणून एकाची धुर, दुसऱ्याचे जुकाट असे गाडे जुळवतात. बाऱ्यांचा क्रम चिठ्ठ्या काढून लागतो. सर्वांत कमी वेळात घाट चढणारा गाडा ‘घाटाचा राजा’ ठरतो. बक्षिसे रोख रकमेपासून दुचाकी आणि ट्रॅक्टरपर्यंत गेली आहेत.

ही शर्यत बरीच वर्षे बंद होती. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी आणली. महाराष्ट्राने 2017 साली कायद्यात दुरुस्ती केली, पण शर्यती सुरू व्हायला 16 डिसेंबर 2021 चा अंतरिम आदेश यावा लागला. घटनापीठाने 18 मे 2023 रोजी राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आता शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची तपासणी पशुवैद्यकाकडून व्हावी लागते, आणि चाबूक, काठी, टोचणी, विजेचा झटका या सर्वांना मनाई आहे. बंदीच्या काळात खिलार जनावरांची किंमत आणि पैदास दोन्ही घसरल्याची तक्रार शेतकरी करत होते, आणि शर्यत हेच हा बैल सांभाळण्याचे मुख्य कारण उरल्यामुळे ती तक्रार वाजवी होती. तेवढेच खरे हेही की बैलाला मारून पळवणारा मालक सगळ्या घाटाची परवानगी धोक्यात घालतो. निशाणापलीकडे बैल थांबायला पुरेसे मोकळे रान आणि दोन्ही बाजूंना भक्कम कठडा नसेल, तर प्रेक्षकांच्या अंगावर गाडा जातो. ज्या गावाला एवढी जागा नाही, त्याने घाट भरवू नये.

ऊन कलले की कुस्त्यांचा आखाडा सुरू होतो. नांगरून मऊ केलेल्या रानात गोल धरून लोक बसतात. पहिल्या कुस्त्या लहान पोरांच्या, रेवड्यांवर. मग इनाम वाढत जाते. पंच दोन पैलवानांचे हात धरून आखाड्याला फेरी मारतात आणि जोड लोकांना पसंत पडली तरच हलगी कडाडते. ज्याची पाठ मातीला लागली तो हरला. शेवटची मानाची कुस्ती निकाली व्हावी असा लोकांचा आग्रह असतो. बरोबरीत सोडवलेल्या कुस्तीवर पुढे कितीतरी दिवस वाद चालतो.

तिसऱ्या दिवशी पाहुणे निघतात. प्रत्येकाच्या पिशवीत गोडीशेव, रेवडी आणि देवाचा अंगारा असतो. मुंबईच्या गाड्या सकाळीच सुटतात. दुकाने उठून पुढच्या तिथीच्या गावाला लागतात. कमिटीचे काम मात्र संपलेले नसते. फड, मांडव, वीज, बक्षिसे, वाजंत्री यांचे पैसे चुकते करायचे, बाकी राहिलेली वर्गणी मागायची आणि आठ-पंधरा दिवसांत जमाखर्च देवळाच्या भिंतीवर लावायचा. शिल्लक उरली तर ती देवळाच्या कामाला किंवा शाळेला जाते. तूट आली तर कमिटीतले लोक ती आपसात वाटून घेतात. ज्या गावाने हा कागद दरवर्षी न चुकता लावला, तिथे पुढच्या पाडव्याला वर्गणी मागायला फार फिरावे लागत नाही.