जुलाब लागल्यावर पाणी का द्यायचे?

आपल्या अंगात पाणी किती असते, असे मी वर्गात विचारले. कोणी म्हणाले तांब्याभर, कोणी म्हणाले कळशीभर. खरे उत्तर ऐकून सगळे हसले. ६० किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे ३५ लीटर पाणी असते. म्हणजे दोन-तीन घागरी पाणी घेऊनच तो हिंडत असतो! नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या वजनात तर पाऊण भाग पाणीच असते.

हे पाणी शरीर फार काटकसरीने वापरते. आपली मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लीटर पाणी रक्तातून गाळतात, पण लघवी होते ती दीड-दोन लीटरच. बाकीचे परत रक्तात जाते. उन्हात खेळून आलो की लघवी थोडी नि पिवळी होते, घसा कोरडा पडतो. म्हणजे शरीराने पाणी राखायला सुरुवात केली.

आतड्यांचे काम मला सगळ्यात नवलाचे वाटते. आपण पितो ते पाणी, तोंडातली लाळ, जठरातला रस, पित्त असे सगळे मिळून रोज आठ-नऊ लीटर पातळ द्रव आतड्यात येतो. त्यातला जवळजवळ सगळा आतडे परत शोषून घेते. शौचावाटे पेलाभरसुद्धा पाणी जात नाही.

जुलाबात हेच काम बिघडते. पाणी परत रक्तात जायचे ते बाहेर वाहून जाते, आणि त्याच्याबरोबर मीठही जाते. बाळाचे डोळे खोल जातात, टाळू बसते. पुष्कळ घरी म्हणतात, "पाणी देऊ नका, जुलाब वाढतील." पण जुलाब पाण्याने लागत नाहीत, रोगजंतूंनी लागतात. पाणी बंद केले तरी ते थांबत नाहीत, अंगातले मात्र आटत जाते. बाळ दगावते ते बहुतेक या आटण्यानेच.

मग नुसते पाणी का नाही? आतड्याच्या आतल्या बाजूला बारीक बारीक दारे असतात. त्यातल्या एका दारातून मीठ आणि साखर जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्या मागे पाणी जाते. पटकीसारख्या भयंकर रोगातही हे दार चालू राहते. म्हणून मीठ-साखरेचे पाणी.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पाजायला लावले. पाजत कोण होते? आजाऱ्यांचीच माणसे! आधी शंभरात तीसएक माणसे मरत होती, ती चारच्याही खाली आली. डॉक्टर २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

आता हेच पाणी जलसंजीवनी म्हणून पुडीत मिळते. आशाताईंकडे, आरोग्य उपकेंद्रात मागावी. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती सबंध कालवायची, अर्धी नाही. पुडी नसली तर एक लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सहा लहान चमचे आणि मीठ अर्धा चमचा, दोन्ही सपाट. मीठ जास्त झाले तर घातक. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. चव डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट नको.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दर जुलाबामागे पाव ते अर्धा कप द्यावे, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजावे. अंगावरचे दूध बंद करू नये. जेवणही चालू ठेवावे, पेज, वरण-भात, जे खाईल ते. आशाताई जस्ताच्या गोळ्या देतात, त्या १४ दिवस पुऱ्या कराव्यात, जुलाब आधी थांबले तरी.

पण मूल गुंगीत गेले, पाणी पिईना, लघवी होईना, किंवा शौचातून रक्त पडले, तर घरी थांबू नका. लगेच दवाखाना गाठा. वाटेतही थोडे थोडे पाजत राहा.

कालवलेले पाणी झाकून ठेवावे, दुसऱ्या दिवशी ओतून नवे करावे. सपाट चमचा म्हणजे कसा, त्याचे चित्र मी खाली काढले आहे.