टायर म्हणजे दगड नव्हे

जळगावात मेहरूण तलावाच्या काठी असो की धुळ्यात नकाणे तलावाच्या रस्त्यावर, पहाटे सायकलवाले जमले की एक विधी ठरलेला असतो. कुणीतरी वाकतो, दुसऱ्याच्या टायरवर अंगठा दाबतो आणि तोंड वाकडं करून सांगतो, "भाऊ, हवा कमी आहे. टायर कसा दगडासारखा पाहिजे, मग बघ सायकल कशी पळते!" लगेच पंप निघतो. काटा शंभरच्या पुढे जातो, कधी एकशेवीसला टेकतो. चालवणाऱ्याचं वजन कुणी विचारत नाही, टायरची रुंदी कुणी पाहत नाही, रस्त्याचा तर प्रश्नच नाही. शिकलेसवरलेले लोकही या सल्ल्यापुढे मान डोलावतात, तेव्हा वैताग येतो.

गैरसमज : हवा जितकी जास्त, तितका वेग जास्त

या समजुतीत अर्धं सत्य आहे, म्हणूनच ती इतकी चिवट आहे. टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो आणि पुढे सरकला की पुन्हा उठतो. या दबण्या-उठण्यात रबर तापतं आणि आपण पायाने दिलेली थोडी ताकद तिथे वाया जाते. हवा वाढवली की टायर कमी दबतो, नुकसानही कमी होतं. प्रयोगशाळेत गुळगुळीत लोखंडी ड्रमवर टायर फिरवून मोजलं तर आकडे हेच सांगतात. लाकडी ट्रॅकवर शर्यत लावणाऱ्यांसाठी हे ठीक आहे.

आपण मात्र ड्रमवर सायकल चालवत नाही. आपण एरंडोलहून पद्मालयाला जातो, जामनेरहून फर्दापूरला जातो, धुळ्याहून लळिंगचा चढ चढतो. तिथे डांबरातून खडी वर आलेली असते, ठिगळं असतात, गावाच्या तोंडाशी गतिरोधकांची रांग असते. अशा रस्त्यावर टणक टायर प्रत्येक खड्याला आत घेत नाही, त्यावरून उडी मारतो. टायर दबला असता तर दोन-चार ग्रॅम रबर हललं असतं. तो दबत नाही, म्हणून सायकलसकट तुमचं सगळं शरीर केसभर वर उचललं जातं आणि खाली आपटतं. सेकंदाला कितीतरी वेळा. ही उचल-आपट कुणाच्या ताकदीवर होते? तुमच्याच. शिवाय तो हादरा हात, पाठ आणि मांड्यांच्या स्नायूंत जिरतो आणि तिथे त्याची उष्णता होते. तीही पुढे जाण्याच्या कामाची नाही.

टणक चाक हेच वेगवान चाक असतं, तर लोखंडी धाव असलेली बैलगाडी सगळ्यांत हलकी चालली असती. केळी आणि कापूस वाहणाऱ्या शेतकऱ्याने धाव सोडून रबरी टायरची गाडी जोडली, कारण बैलांना ओढ कमी पडते हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. हवेचा टायर १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलप यांनी सायकलसाठी आणला, तो मुळात हादरे जिरवण्यासाठीच.

ज्यांना पुरावा हवा त्यांच्यासाठी. 'बायसिकल क्वार्टरली' या अमेरिकी नियतकालिकाचे संपादक यान हाइने यांनी ड्रम बाजूला ठेवून खऱ्या रस्त्यावर, खऱ्या माणसाला सायकलवर बसवून चाचण्या घेतल्या. महामार्गाच्या कडेला असतात तसल्या खडखडाटी पट्ट्यांवरही घेतल्या. खडबडीत पृष्ठभागावर टणक टायरला जास्त ताकद लागते, असंच त्यांत दिसलं. त्याआधी फ्रँक बर्टो या तंत्रलेखकाने वेगवेगळ्या रुंदीच्या टायरांची मोजमापं करून ठोकताळा दिला होता : वजन पडल्यावर टायरची उंची सुमारे १५ टक्के दबावी. दगड १५ टक्के दबत नाही.

तेही पटत नसेल तर टीव्हीवर टूर द फ्रान्स बघा. पंधरा वर्षांपूर्वी तिथे २३ मिमी रुंदीचे टायर सर्रास होते. आज २८ आणि ३० मिमीचे आहेत, त्यांत हवाही पूर्वीपेक्षा बरीच कमी असते. पॅरिस-रूबेच्या दगडी फरसबंदीवर तर त्याहून रुंद टायर दिसतात. एकेका सेकंदासाठी हिशेब करणारे ते लोक आरामाखातर हळू जायला तयार झाले असतील का?

"पण टाइट टायरवर सायकल पळतेय असं जाणवतं ना!" जाणवतं, खरं आहे. हातात झिणझिण्या येतात, हँडल थरथरतं, आणि मेंदू त्या थरथरीलाच वेग समजतो. वेग मोजायला घड्याळ आणि किलोमीटरचा दगड पुरतो. एकाच रस्त्यावर, वारा नसताना, दोन वेगवेगळ्या हवांवर जाऊन बघा.

मग हवा किती भरायची?

चालवणारा ७० किलोचा, सायकल १० किलोची, टायर २८ मिमी आणि आपले नेहमीचे रस्ते असतील, तर पुढे सुमारे ६५ आणि मागे ७० पीएसआय (पंक्चरवाल्याच्या भाषेत पौंड) इथून सुरुवात करा. टायर २५ मिमी असेल तर पुढे ७५ ते ८०, मागे ८० ते ८५. वजनात दर पाच किलोंच्या फरकाला चार-पाच पौंड कमी-जास्त करा. मागच्या चाकावर भार जास्त असतो, त्यामुळे दोन्ही चाकांत सारखीच हवा भरण्यात अर्थ नाही. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे. रिमवरही मर्यादा लिहिलेली असेल तर दोन्हींपैकी लहान आकडा पाळा. आतल्या कडेला टायर धरणारा हूक नसलेल्या, म्हणजे हुकलेस रिमवर ७२.५ पौंडांच्या वर जायचंच नाही, हा युरोपातल्या टायर-रिम मानकाचा नियम आहे.

आणि तो अंगठा खिशात ठेवा. अरुंद टायरमधली सत्तर आणि शंभरची हवा अंगठ्याला सारखीच लागते. काटा असलेला उभा पंप घ्या. पातळ ट्यूबमधून हवा रोज थोडी झिरपते, म्हणून दर लांब फेरीआधी काटा बघा.

गैरसमज : उन्हाळ्यात हवा कमी भरावी, नाहीतर टायर फुटतो

गंमत अशी की डिसेंबरात दगडाचा आग्रह धरणारेच मे महिन्यात "हवा सोडून दे" म्हणतात. जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ ला गेला की ही भीती पसरते. हिशेब शाळेतल्या वायूच्या नियमाचा आहे. पहाटे २८ अंशांना ८० पौंड हवा भरली आणि आतली हवा थेट ६० अंशांपर्यंत तापली, तरी दाब जातो नव्वदपर्यंत. दहा पौंडांची वाढ. मुळात योग्य हवा भरली असेल तर धडधाकट टायर तेवढ्याने फुटत नाही. उन्हात उभी सायकल "फटाक" करते तेव्हा बहुतेकदा कारण दुसरं असतं : टायरच्या काठाखाली ट्यूब चिमटलेली असते, टायरची भिंत जुनी होऊन फाटलेली असते, किंवा जुन्या ठिगळाचं सुलोचन सुटलेलं असतं. मात्र आधीच एकशेवीस भरले असतील तर तो दोष सूर्याचा नाही.

उष्णतेची खरी काळजी घ्यायची ती घाटात. चाळीसगावच्या वर कन्नड घाट उतरताना रिमला घासणारे ब्रेक सतत दाबून ठेवले तर रिम चांगलीच तापते. तिथे ब्रेक आलटून-पालटून, सोडत-धरत लावावेत.

गैरसमज : टणक टायर पंक्चर होत नाही

सराट्याला आणि वेड्या बाभळीच्या काट्याला तुमच्या काट्यावरचा आकडा वाचता येत नाही. हवा फारच कमी असेल तर रिम आणि खड्डा यांच्यामध्ये ट्यूब चेंगरते आणि तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. एकच बारीक भोक असेल तर ते काट्याचं. अशा वेळी नवी ट्यूब घाईने टाकू नका. टायरच्या आतून कापसाचा बोळा हळूच फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे टोक रुतलेलं आहे. बाहेरून ते दिसत नाही, बोटाला लागलं तर रक्त काढतं. ते चिमट्याने काढलं नाही तर पुढच्या किलोमीटरवर तोच काटा नव्या ट्यूबची वाट बघत असतो.

आणखी काही, थोडक्यात

*चेन तेलात निथळली पाहिजे.* नाही. वरच्या तेलावर आपली धूळ बसते आणि त्याचा पॉलिश पेपरसारखा लेप तयार होतो. थेंब-थेंब तेल द्या, पॅडल फिरवा, बाहेरून कोरडं पुसा. चोवीस कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्यापेक्षा सोळावा भाग इंच वाढ दिसली की चेन बदला, नाहीतर ती मागची दातेरी चक्रंही खाते.

*डब्ल्यूडी-४० म्हणजे चेनचं तेल.* तो निळा डबा ओल घालवायला आणि गंज सोडवायला आहे. त्याचं वंगण टिकत नाही.

*सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशरने सायकल चकचकीत होते.* होते, आणि बेअरिंगमध्ये पाणीही शिरतं. बादली आणि फडकं पुरे.

*सीट खाली असली की गुडघ्याला बरं.* उलट. पॅडल खाली असताना त्यावर टाच ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे.

*जड गिअर रेटला की मांड्या बनतात.* आधी गुडघे बोलतात. मिनिटाला ८० ते ९० फेऱ्या पडतील असा हलका गिअर ठेवा.

*कार्बनची सायकल घेतल्याशिवाय लांब पल्ला नाही.* माणूस आणि सायकल मिळून ८० किलो असतील तर एक किलो वाचवून चाळीस मिनिटांच्या चढात जेमतेम अर्धं मिनिट वाचतं. २०० किमीच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब फेरीला, साडेतेरा तास मिळतात, थांबे धरून ताशी १५ ची सरासरी पुरते.

*घाम गेला म्हणजे चरबी गेली.* पाणी गेलं आणि मीठ गेलं, बस्स. उन्हातल्या लांब फेरीत नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. ओआरएस पाकिटावर लिहिलं आहे तेवढ्याच पाण्यात मिसळा, अंदाजाने नको. रक्तदाबाचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

यातलं काहीही माझ्या शब्दाखातर मानू नका. येत्या रविवारी निघण्याआधी काटा बघून दोन्ही चाकांची हवा वहीत लिहा, पुढच्या रविवारी दहा पौंड कमी करून त्याच रस्त्याने जा आणि दोन्ही वेळा जुळवून पाहा. आणि कुणी अंगठा पुढे केलाच, तर आधी त्याला तुमचं वजन विचारा. त्याला ते माहीत नसेल, तर तुमची हवाही त्याला माहीत नाही.