काचेचे दार कोणत्या भिंतीत?

नव्या घराचा नकाशा पुढ्यात आला की अलीकडे घरातील मंडळींचे बोट प्रथम दिवाणखान्यावर टेकते. तेथे भिंत नको, जमिनीपासून छतापर्यंत काच हवी आणि तीही सरकती हवी, असा आग्रह असतो. ही हौस गैर नव्हे. जुन्या वाड्यांतील माजघरे काळोखी होती, हे वाड्यांचे गोडवे गाणारेही खासगीत कबूल करतात. मात्र दार केवढे असावे, हा प्रश्न दुसरा. ते कोणत्या भिंतीत असावे, हा पहिला.

इंदूरचे उदाहरण घ्यावे. तेथे दक्षिणेच्या भिंतीत सात फूट उंचीचे काचेचे दार बसवून त्याच्या माथ्यालगत तीन फुटी छज्जा काढला, तर २१ मार्चपासून २३ सप्टेंबरपर्यंत थेट ऊन काचेला जवळजवळ शिवत नाही. या काळात माध्यान्हीचा सूर्य बराच वर असतो आणि सकाळ-सायंकाळ तो उत्तरेकडे झुकलेला असतो. डिसेंबरअखेरीस मात्र भर दुपारीही तो क्षितिजापासून ४४ अंशांवरच राहतो. त्यामुळे ऊन छज्ज्याखालून खोलीत सुमारे चार फूट आत येते, आणि थंडीत ते हवेच असते. आता हेच दार पश्चिमेला न्यावे. मे महिन्यात सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य अवघ्या २६ अंशांवर, जवळजवळ दारासमोर उभा असतो. तोच छज्जा आता वरचा दीड फूट तेवढा झाकतो. उरलेले साडेपाच फूट उघडेच. दार सहा फूट रुंद असेल, तर निरभ्र दिवशी त्यातून दीड ते दोन किलोवॅट उष्णता आत येते. ऐन उन्हाळ्यात खोलीत विजेच्या दोन लहान शेगड्या पेटवून ठेवाव्यात, तसाच हा प्रकार!

जाड पडद्याने काम भागेल, असे पुष्कळांना वाटते. परंतु पडदा ऊन अडवितो ते काच ओलांडून आल्यावर. तापलेला पडदा जी उष्णता परत फेकतो ती लांब लहरींची असते, आणि साधी काच त्या लहरींना पलीकडे जाऊ देत नाही. ऊन अडवावयाचे तर ते काचेच्या बाहेरच अडविले पाहिजे. त्यासाठी बांबूच्या चिका, लाकडी झडपा, नाहीतर चांगली रुंद पडवी हे उपाय आहेत. ल कॉर्बुझिए याने १९५४ मध्ये अहमदाबादेत गिरणीमालक संघाची इमारत बांधली, तेव्हा पश्चिमेच्या दर्शनी बाजूस काँक्रीटचे उभे पडदे तिरपे बसविले, ते याच कारणाने.

गोव्यात अडचण निराळी आहे. तेथे उन्हाइतकाच दमटपणा छळतो, म्हणून वारा खेळता हवा. सरकत्या दारातील मेख येथेच आहे. दोन पाखांचे दार कितीही रुंद केले तरी उघडते निम्मेच, कारण एक पाख दुसऱ्यामागे उभी राहते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या २०१८ च्या निवासी संहितेत उष्ण-दमट प्रदेशासाठी घराच्या चटईक्षेत्राच्या सुमारे एक षष्ठांश इतकी उघडणारी जागा सांगितली आहे. बारा फूट बाय पंधरा फुटांच्या खोलीला हा हिशेब लावला, तर तीस चौरस फूट लागतात. सहा फूट बाय सात फुटांचे सरकते दार देते एकवीस! तेव्हा समोरच्या भिंतीत बिजागरीची खिडकी हवीच. तिच्यावाचून वाऱ्याला बाहेर पडण्याची वाटही नसते.

गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी पातळ शिंपले बसवीत. त्यांतून उजेड येई, पण डोळे दिपत नसत. बाहेरचे दृश्य मात्र दिसत नसे, आणि आजच्या गृहिणीला हवे असते ते नेमके दृश्यच.

पावसाचा मारा असलेल्या भिंतीत, विशेषतः कोकणपट्टीत नैऋत्येकडे, सरकते दार घालताना खालची पट्टी नीट पाहावी. तिच्या खाचेत पाणी साचते. ते बाहेर काढणारी छिद्रे असावीत आणि बाहेरची फरशी आतल्यापेक्षा दोन इंच तरी खाली असावी. पट्टी जमिनीच्या वर आली, तर वृद्धांना ठेच लागण्याची भीती असते. ती फरशीत बुडवून घेणे बरे, मात्र मग निचरा अधिकच काळजीने करावा लागतो. शिवाय तीन फूट बाय सात फुटांच्या पाखेत आठ मिलिमीटरची काच घातली, तर नुसत्या काचेचेच वजन चाळीस किलोच्या घरात जाते. हा सारा भार खालच्या छोट्या चाकांवर असतो. चाके हलकी घेतली की दोन-तीन पावसाळ्यांत दार ओढताना घरातील लेकरांना बळ पुरत नाही.

काच साधी नको. ती फुटली तर सुरीसारखे तुकडे होतात. कडक केलेल्या काचेचे बारीक, बोथट तुकडे होतात. दोन काचांमध्ये चिवट पडदा असलेली काच फुटूनही जागेवर राहते. कडक केलेली काच नंतर कापता येत नाही, तीत भोकही पाडता येत नाही. यासाठी चौकट प्रत्यक्ष बसल्यावरच माप घ्यावे, नकाशावरून नव्हे. आणि दार लागले की त्याच दिवशी डोळ्यांच्या उंचीवर, तसेच मुलांच्या उंचीवर, ठळक नक्षीची पट्टी चिकटवावी.